पल्सार, तारेची जाळी आणि आपलं खोडद

संशोधनाच्या तयारीतले विद्यार्थी बरेचदा विचारतात, "दुर्बीण जगातली सगळ्यात भारी असेल, तरच काही सापडतं ना?" पल्सारचा इतिहास बघा, उत्तर वेगळं मिळतं.

१९६७ मध्ये केंब्रिजला जोसलिन बेल पीएचडी करत होत्या. अँटेना म्हणजे माळावर रोवलेले खांब आणि ताणलेल्या तारा. रोज सुमारे ३० मीटर कागदावर आलेख उमटायचा, तो त्या डोळ्यांनी तपासायच्या. त्यातली एक बारीक खरखर त्यांना खटकली. नीट पाहिल्यावर दर १.३४ सेकंदाला ठोका येताना दिसला. हा पहिला पल्सार, म्हणजे स्वतःभोवती वेगाने फिरणारा न्यूट्रॉन तारा. १९७४ चं नोबेल मात्र त्यांचे मार्गदर्शक हेविश आणि मार्टिन राइल यांना मिळालं.

आता आपल्याकडे येऊ. १९८० च्या दशकात गोविंद स्वरूप यांना मोठी रेडिओ दुर्बीण हवी होती, पण पैसा बेताचा. त्यांनी डिशला पत्र्याऐवजी स्टीलच्या बारीक तारेची जाळी लावली. मीटरभर लांबीच्या लहरींना एक-दोन सेंटिमीटरची भोकं जाणवतच नाहीत. जाळी आरशासारखी वागते. वजन, वाऱ्याचा जोर आणि खर्च, तिन्ही घटले. नारायणगावजवळ खोडद परिसरात ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश उभ्या राहिल्या. हीच जीएमआरटी. अट एकच, काम कमी फ्रिक्वेन्सीवर करायचं.

ही अटच पुढे ताकद ठरली. बहुतेक पल्सार कमी फ्रिक्वेन्सीवर जास्त तेजस्वी दिसतात. शिवाय वाटेतल्या इलेक्ट्रॉनमुळे त्यांचे ठोके उशिरा पोचतात. १४०० मेगाहर्ट्झच्या तुलनेत ४०० ला हा उशीर सुमारे १२ पट असतो, त्यामुळे तो अचूक मोजून वजा करता येतो. जून २०२३ मध्ये युरोपीय गटाबरोबर भारतीय पल्सार टायमिंग अ‍ॅरेने अतिमंद गुरुत्वीय लहरींचे पुरावे मांडले, त्यात जीएमआरटीची ही मोजमापं होती.

पुढे काय? दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात एसकेए उभी राहतेय. जानेवारी २०२४ मध्ये भारताने त्यासाठी १,२५० कोटी मंजूर केले. आपल्या मराठवाड्यात औंढा नागनाथजवळ होणारी लायगो-इंडिया वेगवान गुरुत्वीय लहरी पकडेल. मंद लहरींसाठी पल्सारच लागतील.

म्हणून विषय निवडताना आधी एवढं विचारा: माझ्या हातातल्या उपकरणाला असं काय दिसतं, जे इतरांना दिसत नाही?