आकाशगंगेतील औष्णिक व अनौष्णिक रेडिओ-उद्गम : एका भेदाचा इतिहास

आकाशगंगेतून येणाऱ्या रेडिओ-प्रारणाचे औष्णिक व अनौष्णिक असे जे दोन वर्ग आज केले जातात, ते एखाद्या शोधातून एकाएकी सिद्ध झालेले नाहीत. या प्रारणाचा शोध 1933 साली प्रसिद्ध झाला. परंतु त्याच्या दोन प्रकृती भिन्न आहेत हे सर्वमान्य व्हावयास त्यानंतर सुमारे वीस वर्षे लागली. या विलंबाचे कारण केवळ उपकरणांच्या उणिवेत शोधणे योग्य होणार नाही. एकाच तरंगलांबीवर घेतलेला वेध उद्गमाचे स्थान व तीव्रता सांगतो. स्वरूप सहसा सांगत नाही. स्वरूपाचा निर्णय व्हावयास अनेक तरंगलांबींवरील वेधांची तुलना आवश्यक असते.

कार्ल यान्स्की याने बेल टेलिफोन प्रयोगशाळेसाठी होल्मडेल येथे 14.6 मीटर तरंगलांबीवर केलेल्या निरीक्षणांत एक अखंड खरखर आढळली. तिचे आवर्तन 23 तास 56 मिनिटांचे, म्हणजे नाक्षत्र दिनाचे होते आणि ती धनु राशीच्या दिशेस प्रबळ होती. या शोधाने प्रेरित होऊन ग्रोट रेबर याने 1937 साली व्हीटन येथे आपल्या घराच्या आवारात सुमारे 9.5 मीटर व्यासाचा अन्वस्ताकार परावर्तक उभारला. प्लांकच्या नियमानुसार उष्ण पदार्थाचे प्रारण या पट्ट्यात वारंवारतेबरोबर वाढावयास हवे, या अपेक्षेने त्याने प्रथम 3300 व नंतर 910 मेगाहर्ट्झवर शोध घेतला. दोन्ही ठिकाणी हाती काहीच लागले नाही; यश आले ते 160 मेगाहर्ट्झवर. पहिल्या दोन प्रयत्नांचे हे अपयश म्हणजेच वास्तविक या विषयातील पहिला वर्णपटीय पुरावा होय. प्रारण साध्या औष्णिक नियमास अनुसरत नाही, हे त्यातून सूचित झाले होते.

1940 साली हेन्ये व कीनन यांनी आयनीभूत हायड्रोजनमधील मुक्त इलेक्ट्रॉनांपासून मिळणाऱ्या प्रारणाचे गणित मांडले. रेबरचे मापन त्यात सामावले, यान्स्कीचे मात्र सामावेना. अशा वायूचे तापमान सुमारे 10,000 केल्व्हिन असते, आणि औष्णिक उद्गमाचे तेजस्विता-तापमान वायूच्या तापमानाहून अधिक असूच शकत नाही. यान्स्कीच्या तरंगलांबीवर ते कितीतरी अधिक होते. ही विसंगती आकड्यांत स्पष्ट होती. तिचा अर्थ लावणारी भौतिक प्रक्रिया मात्र ज्योतिर्विदांसमोर नव्हती.

ती प्रक्रिया 1950 साली पुढे आली. चुंबकीय क्षेत्रात प्रकाशवेगाच्या निकट वेगाने फिरणारे इलेक्ट्रॉन प्रारण देतात, हे तत्त्व आल्फव्हेन व हेर्लोफसन यांनी स्वतंत्र रेडिओ-उद्गमांस, तर कीपेनहॉयर याने आकाशगंगेच्या सर्वसाधारण प्रारणास लावले. सोव्हिएत संघात गिन्झबुर्ग व श्क्लोव्हस्की यांनी त्याचा विस्तार केला. बोल्टन, स्टॅनली व स्ली यांनी 1949 साली वृषभ राशीतील उद्गमाची सांगड 1054 साली दिसलेल्या अतिदीप्त नवताऱ्याच्या अवशेषाशी, म्हणजे क्रॅब अभ्रिकेशी, घातलेली होतीच. या अभ्रिकेचा दृश्य प्रकाशदेखील त्याच प्रक्रियेने निर्माण होतो असे श्क्लोव्हस्की याने 1953 साली प्रतिपादिले. पुढील वर्षी डोम्ब्रोव्हस्की यास त्या प्रकाशाचे ध्रुवण आढळले आणि या मतास बळकटी आली.

औष्णिक उद्गमांची ओळख मात्र लघुतरंगांवर झाली. पिडिंग्टन व मिनेट यांनी सिडनीहून 1210 मेगाहर्ट्झवर हंस राशीतील एक विस्तृत उद्गम नोंदवून तो औष्णिक असावा असे सुचविले. 1954 साली हॅडॉक, मेयर व स्लोनेकर यांनी 9.4 सेंटिमीटरवर मृगातील तेजोमेघाचे प्रारण टिपले. याउलट, सिडनीजवळच्या फ्लर्स येथे दीर्घ तरंगांवर घेतलेल्या वेधांत असेच काही मेघ उजळ न दिसता काळे दिसले. त्यांच्या पाठीमागील अनौष्णिक प्रारण त्यांत शोषले जात होते. एकच मेघ एका टोकास दीप व दुसऱ्या टोकास पडदा ठरावा, याहून निर्णायक कसोटी सापडणे कठीण होते.

तथापि केवळ वर्णपटाच्या उतारावर विसंबणे धोक्याचे असते. विरळ औष्णिक मेघाची तीव्रता वारंवारतेच्या उणे 0.1 या घाताने, तर शर्मिष्ठेतील प्रबळ अवशेषाची सुमारे उणे 0.77 या घाताने बदलते. येथे भेद उघड आहे. क्रॅब अभ्रिकेचा घात मात्र सुमारे उणे 0.3 इतकाच असल्याने मर्यादित पट्ट्यातील वेधांत संभ्रम होऊ शकतो. तेथे ध्रुवणाची साक्ष घ्यावी लागते, आणि ती 1957 साली 3 सेंटिमीटरच्या सुमारास मिळाली. औष्णिक मेघांची स्वतंत्र खूण म्हणजे हायड्रोजनच्या पुनःसंयोग-रेषा. त्यांचे भाकीत कार्दाशेव याने 1959 साली केले व 1964-65 मध्ये त्या प्रत्यक्ष आढळल्या.

या इतिहासाचा महाराष्ट्राशीही संबंध आहे. सिडनीत प्रशिक्षण घेतलेले गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने तेथील परावर्तक भारतात येऊन 1965 साली कल्याण येथे सूर्याच्या वेधासाठी उभे राहिले. त्याच परंपरेतून पुढे नारायणगावजवळच्या खोडद परिसरात 45 मीटर व्यासाच्या 30 ॲन्टेनांची महादुर्बीण उभी राहिली. ती मुख्यतः मीटर-तरंगांवर वेध घेते, म्हणजे ज्या पट्ट्यात औष्णिक मेघ पडद्यासारखे वागू लागतात त्याच पट्ट्यात. आकाशगंगेच्या केंद्राजवळ औष्णिक व अनौष्णिक उद्गम एकाच दृष्टिरेषेवर येतात. तेथे कोण पुढे व कोण मागे, हे अशा शोषणावरूनच कळते. रेबरला जे केवळ अपयश वाटले असेल, ते वेगवेगळ्या वारंवारतांची तुलना करण्याचे तत्त्व आज अंतराळातील खोली मापण्याचे साधन झाले आहे.