औरंगाबादहून नागपूर, नागपूरहून औरंगाबाद

१९२३ साली औरंगाबादेत सरकारी इंटरमीजिएट कॉलेज उभे राहिले तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात असलेल्या मराठवाड्यातल्या मुलांसाठी उच्च शिक्षणाचे ते जवळजवळ एकमेव दार होते, आणि तेही अर्धेच उघडलेले. इंटरपर्यंतची दोन वर्षे इथे काढायची आणि पदवीसाठी हैदराबाद गाठायचे, असा शिरस्ता होता. बी.ए. व्हायचे तर कॉलेज बदलणे ठरलेलेच. मनमाड–काचीगुडा मीटरगेजवर वळकटी आणि ट्रंक घेऊन निघालेल्या मुलांना निवड अशी नव्हतीच. रूळ जिकडे नेतील तिकडे जायचे.

ते कॉलेज उस्मानिया विद्यापीठाशी जोडलेले होते. निजामाच्या फर्मानातून निघालेल्या आणि १९१८ मध्ये सुरू झालेल्या या विद्यापीठाने एक धाडसी प्रयोग केला होता. एका भारतीय भाषेतून, उर्दूतून, अगदी विज्ञान आणि कायदाही शिकवायचा. त्यासाठी हैदराबादेत खास अनुवाद विभाग काढून पाठ्यपुस्तके तयार केली गेली. या कामात मोठा वाटा असलेले मौलवी अब्दुल हक औरंगाबादेतल्या कॉलेजचे प्राचार्य होते. अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे कार्यालय त्यांनी बरीच वर्षे याच गावातून चालवले आणि ‘उर्दू’ हे त्रैमासिकही इथूनच काढले. भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देता येते, हे उस्मानियाने इतरांच्या कितीतरी आधी दाखवून दिले आणि त्याचे श्रेय त्या विद्यापीठाला द्यायलाच हवे.

पण ती भाषा मराठवाड्यातल्या बहुसंख्य घरांची नव्हती. घरी मराठी बोलणारा मुलगा वर्गात त्रिकोणाला ‘मुसल्लस’ आणि कोनाला ‘जाविया’ म्हणायला शिके, इंग्रजीचा सक्तीचा पेपर वेगळा देई, आणि वसतिगृहात परतला की पुन्हा मराठीत भांडे. अशा तीन भाषांत तयार झालेल्या मुलांवर १९३८ च्या हिवाळ्यात एकाएकी कॉलेज सोडण्याची पाळी आली.

त्या वर्षी संस्थान पेटलेलेच होते. हैदराबाद स्टेट काँग्रेसवर सप्टेंबरात बंदी आली आणि ऑक्टोबरात तिचा सत्याग्रह सुरू झाला. नोव्हेंबरात औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजच्या वसतिगृहात मुलांनी प्रार्थनेत ‘वंदे मातरम्’ म्हटले. मनाई झाली, मुले अडून बसली, संप झाला. हे लोण हैदराबादेत उस्मानियाच्या वसतिगृहांपर्यंत पोहोचले. माफी मागा आणि वर्गात बसा, एवढीच सवलत होती. शेकडो मुलांनी माफी मागितली नाही आणि त्यांची नावे पटावरून काढून टाकण्यात आली.

पुढे काय झाले, ते फारसे सांगितले जात नाही. सत्याग्रहाच्या इतिहासात घोषणा आणि तुरुंग यांना जागा मिळते. वर्ष वाया जाऊ नये म्हणून दारोदार फिरणाऱ्या एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांना ती मिळत नाही. काढून टाकलेल्या मुलाला दुसरे विद्यापीठ घेईल का, आणि उर्दूतून शिकलेला विषय इंग्रजीतून पुढे कसा रेटायचा, हे प्रश्न घोषणांनी सुटणारे नव्हते. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू टी. जे. केदार यांनी या मुलांना प्रवेश दिला. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव याच पिढीतले. या आंदोलनामुळे त्यांनाही संस्थानाबाहेर जाऊन शिकावे लागले आणि त्यांची कायद्याची पदवी नागपूर विद्यापीठाची आहे. औरंगाबादच्या मुलाला नागपूर म्हणजे मनमाडला गाडी बदलून भुसावळ, अकोल्यावरून पार विदर्भाच्या दुसऱ्या टोकाला जाणे. गाव अनोळखी, अभ्यासक्रम निराळा, घरून पैसे येतील याची खात्री नाही. एका कुलगुरूचा निर्णय किती आयुष्ये सावरू शकतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण महाराष्ट्राच्या शिक्षणाच्या इतिहासात शोधून सापडणे कठीण.

बारा वर्षांनी चित्र उलटे झाले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी मुंबईत, मरीन लाइन्सच्या लष्करी बराकींत, सिद्धार्थ कॉलेज सुरू केले. दुसऱ्या कॉलेजसाठी त्यांनी पुणे किंवा नागपूर धरले नाही. उच्च शिक्षणाचा दुष्काळ असलेल्या मराठवाड्यातले औरंगाबाद निवडले. १९५० च्या जूनमध्ये कॉलेज सुरू झाले आणि १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. कॉलेजला मिलिंद आणि परिसराला नागसेनवन ही नावे मिळाली. भिक्खू नागसेनाला शंका विचारणारा आणि उत्तर पटले की ते मान्य करणारा राजा मिलिंद बाबासाहेबांना विद्यार्थ्यासाठी आदर्श वाटला होता.

कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या बाबासाहेबांना हे पक्के ठाऊक होते की गरीब मुलासाठी वर्गाइतकेच वसतिगृह आणि ग्रंथालय महत्त्वाचे असते. शहरात खोली कोण देणार, हा प्रश्न दलित मुलापुढे फीच्याही आधी उभा राही. नागसेनवनात राहणे, वाचणे आणि शिक्षकाला गाठणे एकाच आवारात शक्य झाले. अमेरिकेतली छोटी निवासी कला महाविद्यालये ज्या जवळिकीसाठी नावाजली जातात, ती इथे कमी पैशांत आणि कितीतरी मोठ्या गरजेपोटी उभी राहिली. प्राचार्य म. भि. चिटणीस स्वतः नाटककार होते, ‘युगयात्रा’ हे नाटक त्यांचेच. पुढे अमेरिकेतून शिकून आलेले म. ना. वानखेडे इथे प्राचार्य झाले, गंगाधर पानतावणे इथे मराठी शिकवू लागले, आणि १९६० चे दशक संपता संपता ‘अस्मितादर्श’ या नियतकालिकाचा पाया याच वातावरणात घातला गेला. दलित साहित्याची चळवळ मुंबईच्या चाळींइतकीच या वसतिगृहांच्या ओसरीवरही वाढली.

आणि विदर्भातली मुले मिलिंदला येऊ लागली. ज्या वाटेने १९३८ ची पोरे नागपूरला गेली होती, त्याच वाटेने नागपूर-अमरावतीकडची मुले जवळची कॉलेजे सोडून औरंगाबादेत उतरू लागली. या मुलांना कोणी काढून टाकले नव्हते. त्यांनी कॉलेज निवडले होते आणि त्यासाठी लांबचा प्रवास पत्करला होता.

२३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले आणि पदवीसाठी हैदराबादकडे पाहण्याची गरज संपली. त्यामागोमाग १९६० मध्ये देवगिरी आणि १९६३ मध्ये रफिक झकारियांच्या पुढाकाराने मौलाना आझाद कॉलेज आले. आज छत्रपती संभाजीनगर झालेल्या औरंगाबादेत कॉलेज बदलणे म्हणजे टी.सी. काढणे आणि रिक्षाने दुसऱ्या फाटकाशी जाणे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने क्रेडिट सोबत नेण्याचीही सोय केली आहे. ही सोय चांगलीच आहे. पण मिलिंदकडे पोरे धावत आली ती पूर्णवेळ शिक्षक आणि राहायला छप्पर यांच्यासाठी, आणि राज्यातल्या कितीतरी कॉलेजांत आज तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक एका वर्गातून दुसऱ्या गावच्या वर्गाकडे पळत असतात. जूनमध्ये प्रवेशाच्या रांगेत उभ्या असलेल्या पालकाने नॅकचा दर्जा जरूर विचारावा. त्याआधी एवढे विचारावे, की या विभागात कायम नेमणुकीचे शिक्षक किती आहेत आणि वसतिगृहात जागा आहे का.