ब्रह्मी तांदळाचा व्यापार व दुसरे महायुद्ध

ब्रह्मदेशातील इरावतीच्या त्रिभुज प्रदेशात पिकून रंगून, बसीन आदी बंदरांतून वर्षाकाठी सुमारे 30 लाख टन बाहेर पडणारा तांदूळ हा दुसऱ्या महायुद्धापूर्वी हिंदुस्थान, सिलोन व मलाया येथील गोरगरिबांचा मोठा आधार होता. मार्च 1942 मध्ये जपानी फौजांनी रंगून घेतले आणि हा पुरवठा एकाएकी खुंटला. हिंदुस्थानच्या एकंदर उत्पन्नाच्या मानाने ही आयात अल्प होती, हे खरे. परंतु त्रावणकोर, कोचीन, सिलोन यांसारख्या तुटीच्या मुलखांची भिस्त तिच्यावर असल्याने ती थांबताच त्यांची मागणी इतर बाजारांवर येऊन आदळली, प्रांतिक सरकारांनी हद्दीबाहेर धान्य नेण्यास मनाई केली, आणि साठेबाजी व चलनवाढ यांमुळे भावांना धरबंद उरला नाही. बंगालमध्ये तर शत्रूच्या हाती काही लागू नये म्हणून सरकारने किनारपट्टीतील होड्या व जादा तांदूळ स्वतःच हलविला. या निर्दय धोरणाला सरकारी दप्तरात नाव मिळाले ते केवळ ‘नकारा’चे. ऑक्टोबर 1942 च्या चक्रीवादळाने मेदिनीपूरची पिके बुडाली व पुढील वर्षी दुष्काळाने कहर केला. या दुष्काळाच्या चौकशीसाठी नेमलेल्या वुडहेड आयोगाने मृतांची संख्या सुमारे 15 लाख मानली. नंतरच्या अभ्यासकांचे अंदाज 30 लाखांपर्यंत जातात. तिकडे मुंबईत टंचाईमुळे मे 1943 पासून शिधावाटप सुरू झाले. खुद्द ब्रह्मदेशात मात्र गिऱ्हाईक व जहाजे यांअभावी भात पडून राहिले, भाव कोसळले आणि लागवडीखालील जमीन जवळजवळ निम्म्याने घटली.