दस्त्यात दडलेला माणूस : छऱ्यांच्या बंदुकीचे वजन आणि माप #थ्रेड

१/ पक्षी निसटला की दोष नेमबाजाच्या हाताला दिला जातो. १९व्या शतकातील इंग्लंडचे निष्णात बंदूक-कारागीर मात्र आधी बंदुकीचा दस्ता पाहत. असे का, ते समजून घेऊ.

२/ रायफलीवर मागे आणि पुढे अशा नेमाच्या दोन खुणा असतात. छऱ्यांच्या बंदुकीला बहुधा मागची खूण नसते. तिची जागा नेमबाजाचा डोळा घेतो. गाल दस्त्यावर जिथे टेकेल, त्यावर डोळ्याची उंची ठरते. दस्ता उंच असेल तर बार वर जातो, खोल असेल तर खाली.

३/ लंडनच्या जोसेफ मँटनने १८०६ मध्ये दोन नळ्यांच्या मधोमध उंचावलेल्या पट्टीचे पेटंट घेतले. बार लक्ष्याखाली जाण्याच्या खोडीवर हा उपाय होता.

४/ पुढे १८८९ मध्ये बर्मिंगहॅमच्या विल्यम पामर जोन्सने मापाच्या बंदुकीचे पेटंट घेतले. तिच्या दस्त्याची लांबी, वाक आणि बाजूचा कल हवा तसा बदलता येई. शिंप्याने अंगरख्याचे माप घ्यावे, तसे गिऱ्हाइकाचे माप घेऊन दस्ता घडवला जाऊ लागला.

५/ आता वजन. कारागिरांचा जुना ठोकताळा असा : बंदूक छऱ्यांच्या वजनाच्या ९६ पट असावी. म्हणजे ३० ग्रॅम छऱ्यांना सुमारे २.९ किलो. त्याहून हलकी बंदूक खांद्याला जबर धक्का देते.

६/ दिवसभर रानात पायपीट करणाऱ्याला हलकी बंदूक प्रिय. ती चटकन खांद्याला लागते. पण तितक्याच चटकन थबकतेही. हात थबकला की बार उडत्या पक्ष्याच्या मागे जातो. जड बंदूक उशिरा हलते, मात्र एकदा फिरू लागली की संथपणे फिरत राहते.

७/ १८८० मध्ये अमेरिकेतील सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगोव्स्कीने मातीच्या उडत्या तबकडीचे पेटंट घेतले. तोवर स्पर्धांत जिवंत कबुतरे सोडली जात. १९०० मध्ये पॅरिसलाही तेच घडले. ब्रिटनने १९२१ मध्ये कायद्याने ही प्रथा थांबवली.

८/ तबकडीने बंदूकही बदलली. आज ऑलिंपिकच्या काडतुसात जास्तीत जास्त २४ ग्रॅम छरे असतात. ९६ पटींच्या हिशेबाने २.३ किलोची बंदूक पुरावी. प्रत्यक्षात ती बहुधा साडेतीन किलोंच्या वर असते. कारण आता रानात चालायचे नसते. शेकडो बार सोसायचे असतात आणि प्रत्येक वेळी हात तितक्याच संथपणे फिरायला हवा असतो. ट्रॅप प्रकारात तबकडी वर चढत जाते, म्हणून तिथे दस्ताही उंच ठेवतात.

९/ संग्रहालयात जुनी बंदूक दिसली, तर नक्षीआधी दस्ता पाहा. मागे लाकडाचा तुकडा जोडलेला आहे का? लांबी कापलेली आहे का? बंदूक एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेल्याची ती खूण असू शकते. मालकाचे नाव कागदोपत्री हरवले, तरी त्याच्या देहाचे माप लाकडात उरलेले असते.