परसांतील कोंबडी आणि लशीचा इतिहास

वैद्यकाचा इतिहास सांगतांना ग्रंथकार मोठमोठीं रुग्णालयें, विद्यापीठें व नामांकित वैद्य यांचीं वर्णनें करतात. परंतु या इतिहासाचीं कांहीं महत्त्वाचीं पानें कोंबडीच्या खुराड्यांत लिहिलीं गेलीं आहेत, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

गोरगरिबांच्या घरीं कोंबडी म्हणजे अडीअडचणीची पुंजी. मूल आजारी पडलें, मीठमिरचीला पैसा हवा झाला, तर घरधनीण चार अंडीं किंवा एखादा कोंबडा बाजारीं धाडते. या पुंजीस चोरापेक्षां रोगाची भीति अधिक. संध्याकाळीं डालग्याखालीं झांकलेल्या दहा कोंबड्यांपैकीं चारदोन दिवसांत दोनच उराव्या, असा अनुभव खेडोपाडीं पिढ्यान् पिढ्या येत आला आहे. अशा वेळीं कोणी त्यास दृष्ट म्हणे, कोणी दैवी कोप म्हणे, आणि हात जोडून स्वस्थ बसे. या असहाय स्थितींतून मार्ग कसा निघाला, तें पाहण्याजोगें आहे.

एकोणिसाव्या शतकांत फ्रान्स देशांत कोंबड्यांमध्यें एक भयंकर सांथ येई. कोंबडी पिसें फुलवून, पंख ढिले सोडून, गुंगींत असल्यासारखी बसे. तुरा काळानिळा पडे, हगवण लागे, आणि पुष्कळदां एका दिवसाच्या आंत प्राण जाई. माणसाच्या पटकीवरून या रोगास कोंबड्यांची पटकी म्हणत. वास्तविक दोहोंचे जंतु अगदीं भिन्न आहेत. १८७९ च्या सुमारास लुई पाश्चर व त्याचे सहकारी हे जंतु कोंबडीच्या मांसाच्या रश्श्यांत वाढवून त्यांचा अभ्यास करूं लागले. त्यांना असें आढळलें कीं, ताजे जंतु टोंचले असतां कोंबडी मरते. पण बरेच दिवस हवेंत तसेच ठेवलेले जंतु टोंचले असतां ती थोडी आजारी पडून बरी होते, आणि पुढें जहाल जंतु टोंचले तरी दगावत नाहीं. १८८० सालीं पाश्चरनें हा शोध पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढें मांडला.

जेन्नरनें १७९६ सालीं गायीच्या देवीची लस माणसास टोंचली होती. परंतु ती निसर्गानें आयती दिलेली होती. रोगाचा जंतु प्रयोगशाळेंत दुबळा करून त्याचीच लस बनवितां येते, हें सिद्ध झालें तें या कोंबड्यांवर. त्याच वाटेनें पाश्चरनें १८८१ त मेंढ्यांच्या फाशी रोगावरील लशीचा जाहीर प्रयोग केला, आणि १८८५ त पिसाळलेल्या कुत्र्यानें चावलेल्या मुलास लस टोंचली.

दुसरा धडा गोचिडानें दिला. कोंबडीचा गोचीड दिवसा भिंतीच्या व लांकडाच्या फटींत दडून राहतो आणि रात्रीं बाहेर पडून रक्त पितो. त्यामुळें दिवसा कोंबडी उलथीपालथी करून पाहिली तरी रोगाचें मूळ सांपडत नाहीं. १९०३ सालीं ब्राझीलमध्यें मार्शू व सालिंबेनी यांनीं दाखवून दिलें कीं, कोंबड्यांना येणाऱ्या एका प्राणघातक तापाचा मळसूत्री आकाराचा जंतु हाच गोचीड एकीपासून दुसरीकडे नेतो. हा प्राणी अन्नावांचून महिनोन् महिने जगतो. म्हणून खुराडें थोडे दिवस रिकामें ठेवल्यानें तो मरत नाहीं. फटी बुजवाव्या, उकळतें पाणी ओतावें, चुना द्यावा, तेव्हांच त्याचा बीमोड होतो. औषध कोंबडीला नव्हे, तर आधीं घराला हवें, हें या शोधाचें सार.

मात्र खेड्यांतील खुराडें रिकामें करणारा खरा वैरी निराळाच होता. १९२६ सालीं जावा बेटांत व इंग्लंडांतील न्यूकॅसल गांवाजवळ एक नवी सांथ नोंदली गेली. पुढील वर्षीं डॉयल यानें तिचें शास्त्रीय वर्णन केलें. त्याच सुमारास कुमाऊंच्या डोंगरांतील राणीखेत येथें तोच रोग आढळला, आणि एडवर्ड्‌स यानें १९२८ त त्याची नोंद केली. जगानें त्याला न्यूकॅसलचें नांव दिलें, हिंदुस्थानानें राणीखेतचें. महाराष्ट्रांतील शेतकरी त्यास मानमोडी म्हणतो, आणि हें नांव सर्वांत बोलकें आहे. कारण कोंबडी धापा टाकते, हिरवट हगते, आणि शेवटीं तिची मान पिळवटते. विषाणूच्या या रोगावर औषध नाहीं.

सुदैवानें राणीखेतप्रमाणें कुमाऊंतच मुक्तेश्वर येथें, सुमारें ७,५०० फूट उंचीवर, जनावरांच्या रोगांची प्रयोगशाळा होती. तिचा जन्म १८८९ सालीं पुण्यांत झाला. गुरांच्या बुळकांडीसारख्या रोगांवर प्रयोग करण्यास थंड व एकांत जागा हवी, म्हणून १८९३ त ती मुक्तेश्वरास नेण्यांत आली. विषाणु नुसत्या रश्श्यांत वाढत नाहीं. त्याला जिवंत पेशी लागते. १९३१ सालीं अमेरिकेंत वुड्रफ व गुडपाश्चर यांनीं कोंबड्यांच्या देवीचा विषाणु उबविलेल्या अंड्यांत वाढवून दाखविला होता. तीच युक्ति येथें कामीं आली. राणीखेतचा विषाणु एका अंड्यांतून दुसऱ्यांत असा पुनःपुन्हां नेऊन दुबळा करण्यांत आला. आणि १९४६ सालीं हॅडो व इदनानी यांनीं त्या लशीचा वृत्तांत प्रसिद्ध केला. मुक्तेश्वरची ही लस देशोदेशीं गेली. लहान पिलांस सौम्य लशीचा थेंब डोळ्यांत किंवा नाकांत, आणि दोन महिन्यांच्या सुमारास मुक्तेश्वरी लस कातडीखालीं, असा क्रम आजहि चालतो.

मग मानमोडी गेली कां नाहीं? बुळकांडी २०११ सालीं जगांतून नाहींशी झाल्याचें जाहीर झालें. मानमोडी मात्र आहे. लस बर्फांत जपावी लागते. एका कुपींत शेंकडों कोंबड्यांपुरती लस असते, आणि घरधनिणीपाशीं असतात दहा कोंबड्या. एकदां विरघळविलेली लस कांहीं तासांत निकामी होते. शिवाय सांथीची चाहूल लागतांच उरलेल्या कोंबड्या आठवड्याच्या बाजारीं विकण्याची जुनी रीत आहे. तिच्यामुळें एका गांवचा रोग दहा गांवीं पोंचतो. ऊन सोसणारी लस ऑस्ट्रेलियांतील संशोधकांनीं तयार केली, व आफ्रिकेंतील मोझांबिक, टांझानिया या देशांतील खेड्यांत ती डोळ्यांत थेंब घालून दिली जाते. तेथें एका ठराविक दिवशीं साऱ्या गांवाच्या कोंबड्या एकत्र टोंचून किंवा थेंब देऊन घेण्याची पद्धत पडली, तेव्हां कुपीचा प्रश्नहि सुटला.

तात्पर्य, प्रयोगशाळेनें आपलें काम केलें आहे. उरलें आहे तें गांवाचें. दहा घरांनीं मिळून एक कुपी आणावी, मेलेली कोंबडी उकिरड्यावर न टाकतां चुना घालून खोल पुरावी, नवी कोंबडी पंधरा दिवस निराळी ठेवावी आणि आजारी कोंबडी बाजारीं नेऊं नये. या चार गोष्टींना द्रव्य फारसें लागत नाहीं, एकोपा मात्र लागतो. ज्या मुक्या जिवानें मनुष्यास लशीची विद्या शिकविली, त्याच्या खुराड्यापर्यंत ती विद्या पोंचविणें हें ऋण अद्याप फिटावयाचें आहे.