जिला सगळं माहीत होतं



आमच्या गटाच्या बैठकीत बचत जमा झाली, वहीवर सह्या झाल्या, की शेवटची पंधरा-वीस मिनिटं आम्ही काहीतरी वाचतो किंवा ऐकतो. मागच्या महिन्यात एका नाटकाची गोष्ट निघाली. तिला कारणही होतं. आमच्यातली एक ताई लागोपाठ तीन बैठकांना आली नव्हती. कर्जाच्या हप्त्यासाठी बँकेतून तिच्या मोबाईलवर दोन फोन आले होते आणि ते नवऱ्यानं पाहिले होते. एवढंच झालं होतं. कशासाठी फोन आले ते आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. तरी तिच्या घरी कुणी गेलो नाही. ‘त्यांच्या घरातलं आहे, आपण कशाला पडायचं’ असं म्हणून आम्ही पुढचा विषय घेतला.

तर ते नाटक म्हणजे शेक्सपिअरचं ‘ऑथेल्लो’. वेनिस शहराचा शूर सेनापती ऑथेल्लो हा काळ्या वर्णाचा, परक्या मुलखातून आलेला. डेस्डेमोना नावाची मुलगी वडिलांना न विचारता त्याच्याशी लग्न करते. बढती हुकली म्हणून जळणारा इयागो ऑथेल्लोच्या कानात विष ओततो, की तुझ्या बायकोचं कॅसिओशी काहीतरी आहे. पुरावा काय, तर एक हातरुमाल. नवऱ्यानं दिलेला रुमाल डेस्डेमोनाच्या हातून पडतो आणि भलत्याच माणसाकडे सापडतो. ऑथेल्लो तिला बिछान्यातच गुदमरवून मारतो.

पण रुमाल तिथवर पोचला कसा? तो उचलते एमिलिया. इयागोची बायको आणि डेस्डेमोनाच्या सोबतीला असणारी बाई. नवरा कधीपासून मागत होता म्हणून ती त्याला देऊन टाकते. पुढं डेस्डेमोना रुमाल शोधत असते तेव्हा एमिलिया समोरच असते, आणि ‘मला नाही माहीत’ म्हणते. आमची बैठक या जागी अडली. सगळ्याजणी डेस्डेमोनाला सोडून एमिलियावरच बोलायला लागल्या.

ही गोष्ट शेक्सपिअरच्या डोक्यातून निघालेली नाही. चिंथिओ नावाच्या इटालियन लेखकानं ती १५६५ मध्ये छापली होती. तिच्यात खलनायक स्वतःच रुमाल चोरतो, तोही डेस्डेमोना त्याच्या लेकराला कडेवर घेऊन लाड करत असताना. त्याच्या बायकोला सगळं माहीत असतं, पण नवऱ्याच्या धाकानं ती तोंड उघडत नाही. तो मेल्यावरच ती बोलते. शेक्सपिअरनं तिच्या हातात रुमाल दिला आणि नवऱ्यासमोर बोलण्याची हिंमतही दिली. शेवटी ती गप्प बसायला नकार देते, सगळ्यांसमोर खरं सांगते, आणि नवरा तिला तिथंच भोसकतो.

१ नोव्हेंबर १६०४ ला लंडनमध्ये राजा जेम्सपुढं या नाटकाचा प्रयोग झाल्याची नोंद आहे. तेव्हा बायकांची कामं पोरंच करायची. १६१० मध्ये ऑक्सफर्डला प्रयोग झाला, तो पाहिलेल्या एकानं पत्रात लिहून ठेवलंय की मरून पडलेल्या डेस्डेमोनाचा नुसता चेहरा पाहून लोकांना गलबलून आलं. म्हणजे बाईचं काम करणारा मुलगा, त्यात मेलेली बाई, आणि तरी रडू आलं! पुढं डिसेंबर १६६० मध्ये लंडनच्या रंगभूमीवर एक बाई डेस्डेमोना म्हणून उभी राहिली. इंग्लंडमध्ये पोटासाठी नाटकात काम करणारी ही पहिली बाई मानतात. तिचं नाव मात्र कुणी नीट लिहून ठेवलं नाही.

बायकांच्या बोलण्याचं काय झालं, तेही ऐका. मरणाच्या रात्रीच, काही वेळ आधी, डेस्डेमोना आणि एमिलिया दोघीच खोलीत बोलत असतात. बायका चुकत असतील तर त्यात नवऱ्यांचाही दोष असतो, आम्हालाही नजर आहे, चव आहे, राग आहे, असं एमिलिया ठणकावते. हे बोलणं १६२२ च्या छापील प्रतीत नाही, १६२३ च्या मोठ्या ग्रंथात आहे. नंतरची दीडदोनशे वर्षं नाटक मंडळ्या हा अख्खा प्रवेशच कितीदा तरी गाळायच्या. थॉमस रायमर नावाच्या टीकाकारानं तर १६९३ मध्ये नाटकाची टिंगल केली, की यातून बायकांनी आपले कपडे सांभाळावेत एवढाच धडा मिळतो. आम्हाला हसू आलं, रागही आला.

ऑथेल्लोचं काम करणाऱ्यांनीही कमी सोसलेलं नाही. १८३३ मध्ये आयरा अल्ड्रिज या काळ्या नटानं लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये ही भूमिका केली. गोऱ्या नटीला त्यानं हात लावला म्हणून वर्तमानपत्रांनी आरडाओरड केली, आणि दोनच प्रयोगांत ते बंद झालं. १८४८ मध्ये कलकत्त्यात वैष्णवचरण आढ्य या बंगाली नटानं इंग्रज नटीसोबत ऑथेल्लो केला. पॉल रॉबसनला मात्र न्यूयॉर्कनं १९४३ पासून २९६ प्रयोग डोक्यावर घेतलं.

मराठीत महादेवशास्त्री कोल्हटकरांचं भाषांतर १८६७ मध्ये छापलं गेलं. १८९० मध्ये गोविंद बल्लाळ देवलांनी याच नाटकाचा ‘झुंझारराव’ केला आणि गणपतराव जोशींनी तो गाजवला. आमच्या अध्यक्षताईंना देवल म्हटल्यावर ‘संशयकल्लोळ’ आठवलं. खरंच की! तेही देवलांचंच, रंगभूमीवर आलं १९१६ मध्ये. तिथं रुमालाच्या जागी तसबीर आहे. एकीच्या हातून पडते, दुसरीला सापडते, तिचा नवरा फाल्गुनराव संशयानं पेटतो. मूळचं ते फ्रेंच मोलिएरचं. मग तिथं आपण हसतो कशाला? आमचं मत असं पडलं, की तिथं बायकोही तोंडानं कमी नाही. तीही नवऱ्यावर तितकाच संशय घेते, सगळे सगळ्यांना चार माणसांत जाब विचारतात, आणि त्यातूनच उलगडा होतो. डेस्डेमोनाला मारण्याआधी ऑथेल्लो कॅसिओला एकदाही समोरासमोर विचारत नाही. विचारलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं.

२००६ च्या ‘ओमकारा’ सिनेमात रुमालाचा कमरपट्टा झाला. तिथली इंदू, म्हणजे एमिलियाच, शेवटी नवऱ्याला मारते. ते आम्हाला काही पटलं नाही. दोनजणींना पटलं, त्यांनी टाळ्या वाजवल्या. असो.

त्या दिवशी बैठक संपल्यावर आम्ही पाचजणी गटाची वही घेऊन त्या ताईच्या घरी गेलो. हप्त्यांच्या तारखा आणि फोनच्या तारखा तिच्या नवऱ्यासमोर ठेवल्या. तो बराच वेळ वही चाळत बसला, मग काही न बोलता बाहेर गेला. तिनं चहा केला. पुढच्या बैठकीला ती आली. मोबाईल घरी ठेवून आली होती. हे सगळं तिला विचारूनच सांगतोय. नाव सांगू नका, बाकी सांगा, म्हणाली.