कशेडीचा तांबडा पट्टा

पोलादपूरहून खेडकडे जाताना कशेडी घाट लागतो. आता बोगदा झाला आहे; पण एकदा जुन्या वाटेने जा. या डोंगरांत खडक भाकऱ्यांच्या चवडीसारखा रचलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा पुनःपुन्हा पसरला. चवडीत खालची भाकरी आधीची, तसा खालचा थर जुना. थरांचा हा नियम डेन्मार्कच्या स्टेनोने 1669 साली मांडला.

सह्याद्रीत दोन काळ्या थरांमध्ये कुठे कुठे वीतभर तांबडा पट्टा दिसतो. मुलांना मी विचारतो, जास्त काळ कशात गेला? सगळी जाड काळ्या थराकडे बोट दाखवतात! पण लाव्हा त्या मानाने लवकर थिजतो. अशी तांबडी माती व्हायला मात्र खडक हजारो वर्षे ऊनपावसात कुजावा लागतो.

जीवाश्मांचे म्हणाल, तर त्या धगीत काय टिकणार? मात्र मधल्या विसाव्यात जिथे तळी साचली, तिथल्या गाळात जीव राहून गेले. मुंबईत वरळीला बेडूक सापडले. नागपूरजवळ टाकळीला हिस्लॉप व हंटर या मिशनऱ्यांना 1850 च्या दशकात गोगलगायींचे शंख मिळाले. तसेच शंख दुसरीकडे आढळले, की दूरदूरचे थर एकमेकांशी ताडून पाहता येतात. नुसत्या लाव्ह्यात ती सोय नाही; तिथे तांबडे पट्टेच मोजत वर चढायचे.